कामावर चांगलं वागलं की लोक डोक्यावर बसतात. मग माणुसकी जपायची कशी?

तुम्ही लिहिलंय की तहसील कार्यालयात नुकतेच लागलात, दिवसभर खिडकीशी गर्दी असते, दुपारनंतर आवाज चढतोच, आणि मऊ वागलं की लोक डोक्यावर बसतात. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत १९ वर्षं खिडकीवर बसतेय. माझा अनुभव सांगते.

गोड बोलणं नंतर. आधी बघा, तुमच्यामुळे कोणाला दुसरा हेलपाटा पडतोय का.

नोव्हेंबर आला की आमच्याकडे पेन्शनरांची हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागते. मला लागून दोनच वर्षं झाली होती. एका फौजीची विधवा, सत्तरी ओलांडलेली आजी, तासभर थांबून माझ्यापर्यंत आली. पासबुक होतं, पीपीओचा, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशाचा, कागद घरी राहिलेला. "आजी, उद्या घेऊन या," मी म्हटलं. आवाज चढवला नाही, हसूनच म्हटलं. "बरं बाई" म्हणून ती गेली. संध्याकाळी सुटून स्टँडवर गेले तर आजी तिथेच बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. वाडीला गाडी दिवसातून दोनदा, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, कागद दुधाच्या पिशवीत नीट गुंडाळून. आणि तो पीपीओ नंबर आदल्या दिवशीही माझ्या समोरच्या कॉम्प्युटरमध्ये होता. बघायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. त्याची लाज मला आजही वाटते.

तेव्हापासून कोणाला परत पाठवायची वेळ आलीच तर काय काय आणायचं ते सगळं एकदाच, मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून देते. केंद्र सरकारच्या ८० पुढच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, हेही आपणहून सांगते, म्हणजे नोव्हेंबरच्या गर्दीत त्यांना उभं राहावं लागत नाही.

अंगठ्याचंही तसंच. शाई लागली की माणसं बोट डोक्याच्या केसांना पुसतात, नाहीतर भिंतीला. मग कोणीतरी ओरडतं, "भिंत खराब करू नका!" पॅडशेजारी खोबरेल तेलाचं बोट लावलेलं फडकं ठेवलं, तेव्हापासून ते ओरडणं थांबलं. आयुष्यभर खुरपं धरलेल्या हाताचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. अशा वेळी "पुसा की नीट" म्हणून खेकसू नका. ओल्या फडक्याने बोट पुसून द्या, दुसरं बोट लावून बघा. दहापैकी एखादं लागतं.

आता डोक्यावर बसण्याचं. एकदा एक मुलगा आला. आई अंथरुणाला खिळलीय, तुम्ही ओळखता आम्हाला, करा सही. मी केली नाही. माणूस डोळ्यांनी न बघता हयात असल्याची सही करायची नाही, तिथे दया आणायची नाही. पण नुसतं "नाही" म्हणून त्याला वाटेला लावलं असतं तर तेही चुकलंच असतं. ७० वर्षांपुढच्या आणि आजारी-अपंग खातेदारांना घरी जाऊन सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय. मॅनेजरसाहेबांना विचारून सुटल्यावर त्याच्या घरी गेले. आईने पांघरुणातून हात बाहेर काढला, अंगठा दिला आणि पहिलं काय विचारलं तर, "चहा टाकला का गं पोरींनो?" नियम मोडला नाही आणि काम अडलंही नाही. लोक डोक्यावर बसतात ते नियम वाकवला की.

सहकाऱ्यांशी कसं वागावं, हे मला आमच्या हेडकॅशियर काकांकडून मिळालं. नवीन असताना माझी कॅश ९०० रुपयांनी कमी आली. ते पैसे खिशातून भरावे लागतात, पण त्याहून जास्त भीती सगळ्यांच्या नजरेची. काकांनी खुर्ची ओढली, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "फरक नऊने भागला जातोय. आकडे उलटे पडले असतील, व्हाउचरं काढ." सात वाजता सापडलं: ५,४०० दिलेले, नोंद ४,५००. दुसऱ्या दिवशी ब्रँचमध्ये कोणालाच काही माहीत नव्हतं. काका निवृत्त होईपर्यंत त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

तुमच्या खिडकीशी उत्पन्नाचा दाखला, सातबारा, निराधारांचे अर्ज असतील. या आठवड्यात एवढंच करून बघा: कोणता माणूस दुसऱ्यांदा आलाय ते रोज वहीत टिपा आणि कुठल्या कागदासाठी आला ते त्याच्यापुढे लिहा.