दाखला नको घेऊस, आधी कान तपासून घे

पत्र: काकू, आम्ही उंब्रजच्या बाजूचे. मुलगा तिसरीत, वय आठ. बोलायला पटाईत, दुकानात सुट्ट्या पैशांचा हिशोब तोंडी करतो, पण पुस्तक उघडलं की घाम फुटतो. कमळचं मकळ लिहितो, ब आणि भ चा रोज गोंधळ. सर म्हणतात आमच्याच्यानं होणार नाही, दाखला घेऊन जा नाहीतर परत तिसरीतच बसवू. मिस्टर वाशीच्या मार्केटला माथाडी आहेत, ते म्हणतात अपंगाचं सर्टिफिकेट काढायचं नाही, पोराला शिक्का बसेल. सासूबाई म्हणतात पालीच्या खंडोबाला बोलू. ट्यूशनला छड्या खातोय ते वेगळंच. काय करू?

अगं, पहिलं म्हणजे ती ट्यूशन उद्यापासून बंद. पैसे भरलेत म्हणून महिना पुरा करू वगैरे नको. शाळेत मारायला सुद्धा कायद्यानं बंदी आहे, मग ट्यूशनच्या बाईला छडी कुणी दिली?

आता दाखल्याचं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे ना, त्यात आठवीपर्यंत पोराला शाळेतून काढता येत नाही. आणि नापास करून मागं ठेवायचं हे आता पाचवीला आणि आठवीला आलंय, ते पण आधी परत परीक्षा घेऊन, तिसरीत नाहीच. त्यामुळं सरांची धमकी ही नुसती धमकी आहे. दुसरा दिव्यांगांचा २०१६ चा कायदा, त्यात २१ प्रकार धरलेत आणि लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे बुद्धी असून वाचन, लिखाण, गणितात अडणं, सगळे एलडी म्हणतात ते, त्यातच येतं, आणि मान्यता असलेल्या खाजगी शाळेला पण तो लागू आहे. सर परत दाखल्याचं बोलले तर शांतपणे म्हणायचं, सर हे लेखी द्या. माझं विचारशील तर झेडपीची शाळा काही कमी नाही, बरेचदा तिथं जास्त सांभाळून घेतात, पण जायचं तर तुमच्या मनानं जा, कुणी हाकललं म्हणून नाही.

पण मी इथं बसून त्याला एलडीच आहे असं म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. आधी कान आणि डोळे. ब आणि भ नीट ऐकूच येत नसतील तर लिहिणार कसे? कान सारखा फुटणाऱ्या, सर्दीनं भरलेल्या पोरांचं असं होतं आणि घरात कुणाला पत्ता नसतो कारण हाक मारली की ते ओ देतात. शाळेत वर्षातून एकदा आरबीएसकेचं पथक येतं तपासायला, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, त्यांना याचं नाव सांग, ते पुढं चिठ्ठी देतात, १८ वर्षांपर्यंतच्या पोरांसाठीच आहे ते. पण पथक कधी येईल म्हणून वाट बघत बसू नको, सरळ साताऱ्याला सिव्हिल गाठ. सासूबाईंना म्हणावं खंडोबाला पण जाऊ, सिव्हिलला जाऊन आलो की जाऊ, उगाच त्यांच्याशी भांडू नको, नातवाच्या काळजीनंच बोलतायत त्या.

कान डोळे ठीक निघाले तर मग पुढची तपासणी. आधी बुद्ध्यांकाची टेस्ट घेतात, मग वाचन, लिखाण, गणिताची वेगळी. एलडीच्या पोराची बुद्धी चांगलीच असते, अडतं ते अक्षर आणि आवाजाच्या जोडणीत, तुझ्या पोराचा तोंडी हिशोब बघता मला तीच शंका येते. आणि हे सर्टिफिकेट साधारण आठ वर्षांच्या पुढंच देतात, त्याआधी पोरं अशीही चुकतात, म्हणजे तुम्ही वेळेवर आहात. पुढं १४ आणि १८ व्या वर्षी परत तपासतात. टेस्टचे वार ठरलेले असतात आणि एका दिवसात सगळं होत नाही, आधी विचारून जा नाहीतर हेलपाटे पडतील. आणि एक, याच्यावर गोळी नाही. स्मरणशक्तीची बाटली घेऊन कुणी आलं तर त्याला दारातूनच परत पाठव.

आता मिस्टरांचं. त्यांची भीती खोटी नाही, गावात नाव पडलं की पडलं, वेडा काय अन् मंद काय. पण रेशनकार्ड आपण गळ्यात अडकवून फिरतो का? कपाटात असतं, लागेल तेव्हा काढतो, तसंच हे. भावकीला सांगायची काही गरज नाही. आणि कागद नसला म्हणून नाव पडत नाही असं थोडंच आहे, ट्यूशनमध्ये त्याला आत्ता काय म्हणतात ते त्यालाच विचारा एकदा. कागद असला तर पहिलीपासून बारावीपर्यंत परीक्षेला सवलती मिळतात, दहावीला कोल्हापूर बोर्डाकडं शाळेमार्फत अर्ज गेला की जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक. हे दहावीच्या जानेवारीत सुचून उपयोग नसतो, तेव्हा पळापळ करणारे पालक दरवर्षी बघते मी. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, त्याचा अर्ज ऑनलाइन आहे, स्वावलंबन पोर्टलवर, आधार आणि फोटो घेऊन ई-सेवा केंद्रात जा. मिस्टर सुट्टीला येतील तेव्हाच सिव्हिलची तारीख धर, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की आपल्या सांगण्यापेक्षा जास्त पटतं, नवरे ना.

मधल्या काळात शाळेला एक साधा अर्ज दे, मुलाला वाचन लेखनात अडचण आहे, समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या विशेष शिक्षकांकडून तपासणी व्हावी, एवढंच. एक प्रत कराडच्या पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलायचं नाही. हे शिक्षक तालुक्याला मोजकेच असतात, रोज कुणी येणार नाही, पण वर्गशिक्षकांना दोन गोष्टी दाखवून जातात, पोराला पुढच्या बाकावर बसव, फळ्यावरचं उतरवायला वेळ दे, उत्तर तोंडी घे. तुझ्या पोराला तर तोंडी उत्तरानंच निम्मा फरक पडेल असं मला वाटतं.

घरी रोज दहा पंधरा मिनिटं बास. तू वाच, त्यानं बोट फिरवायचं, मग एकच ओळ त्याची. चुकलं की अख्खं पान परत लिहायला लावू नको.

आणि ह्या वर्षीच्या वह्या रद्दीत टाकू नको, ते मकळ लिहिलेलं पान सुद्धा. खोडाखोड असूदे तशीच, सिव्हिलला जाताना पिशवीत घाल, डॉक्टरांना तेच बघायचं असतं.