आकडा कुठून आला ते आधी बघ

प्रिय डॉक्टर,

इंजिनिअरिंगमध्ये घालवलेली वर्षं वाया गेली का, असं तू विचारलंयस. सोबतचे रेसिडेंट वयाने लहान, औषधांचे डोस त्यांना तोंडपाठ, आणि तुला मात्र अजून सर्किटंच आठवतात. अरे, डोस वर्षभरात पाठ होतील. मशीनने दिलेल्या आकड्याकडे संशयाने बघायची सवय मात्र नंतर लागता लागत नाही, आणि आपल्या नेत्रविज्ञानात तर दिवसभर आकड्यांशीच गाठ असते.

साधं डोळ्याचं प्रेशर घे. कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, 3.06 मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करायला किती जोर लागतो, ते गोल्डमन टोनोमीटर मोजतो. इतका विचित्र व्यास का? तर तिथे कॉर्नियाचा ताठरपणा आणि अश्रूंचा पृष्ठताण एकमेकांना जवळपास रद्द करतात, आणि 1 ग्रॅम जोर म्हणजे पाऱ्याचे 10 मिलिमीटर असा हिशेब बसतो. पण हे सगळं कॉर्निया साधारण अर्धा मिलिमीटर जाड आहे असं धरून. लेसरने चष्मा घालवलेल्या पेशंटचा कॉर्निया मुद्दाम पातळ केलेला असतो, त्यामुळे त्याचं प्रेशर असतं त्यापेक्षा कमी दिसतं. तो 'नॉर्मल' आकडा बघून काचबिंदू नाही म्हणत निर्धास्त राहणारे पुष्कळ आहेत. तू राहू नकोस.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ध्वनिलहरींनी डोळ्याची लांबी मोजणारं ए-स्कॅनही असंच. प्रोब जरा जास्त टेकला की कॉर्निया दबतो आणि डोळ्याची लांबी कमी भरते. मग फॉर्म्युला जास्त पॉवरची लेन्स सुचवतो. लांबीत 1 मिलिमीटर चुकलं की नंबर अडीच-तीन डायॉप्टरने हुकतो. ऑपरेशन झकास, तरी पेशंटला लांबचं धूसर! ज्या रीडिंगमध्ये पुढच्या कप्प्याची (कॉर्निया ते लेन्स) खोली इतरांपेक्षा कमी आलीय, ते बहुधा दाबलेलं असतं, ते काढून टाक. हे पुस्तकापेक्षा टेक्निशियनशेजारी बसून लवकर कळतं.

दोन्ही पाय दोन शाखांत ठेवणारं तुझ्याआधी कुणी नव्हतं असं समजू नकोस. ओसीटीचा, म्हणजे प्रकाशाने डोळ्याच्या आतले थर दाखवणाऱ्या तपासणीचा, पहिला शोधनिबंध 1991 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यावर पहिलं नाव डेव्हिड ह्वांगचं. तेव्हा तो वैद्यक आणि पीएचडी एकत्र करणारा विद्यार्थी होता, पुढे नेत्रतज्ज्ञ झाला.

संशोधनाबद्दल दोनच गोष्टी. 30 पेशंटचे 60 डोळे म्हणजे 60 स्वतंत्र नमुने नव्हेत. एकाच माणसाचे दोन डोळे एकमेकांसारखेच वागतात. आणि दोन यंत्रांची तुलना करताना नुसता कोरिलेशन (दोघांचे आकडे सोबत कमीजास्त होतात का, ते) दाखवू नकोस. एक यंत्र दर वेळी 4 ने जास्त दाखवत असलं तरी कोरिलेशन शंभर टक्के येतो. यासाठी ब्लँड आणि आल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये मांडलेली, दोन यंत्रांच्या आकड्यांतला फरकच तपासणारी पद्धत आहे, ती वापर.

आता एक खोड सांगतो, आपल्यासारख्यांची. अडचण नीट ऐकायच्या आत आपण उपकरण बनवायला घेतो. 'तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते, पण रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटतात' असं एखादी बाई सांगत असते आणि आपली नजर तिच्या केसपेपरवरच्या 6/6 वर, म्हणजे 'नजर नॉर्मल' या शेऱ्यावर. ती सांगतेय ते त्या आकड्यात मावतच नाही. तिला बोलू दे, मधे तोडू नकोस.

प्रबंधाचा विषय लगेच ठरव म्हणून तुझ्या मागे लागतील. थोडं टाळ. ओपीडीत एक वही ठेव आणि मशीन एक सांगतंय, पेशंट दुसरंच, अशी केस आली की त्यात टिपून ठेव. तुझा विषय बहुधा तिथेच सापडेल. पाच-सहा केस जमल्या की मला पाठव, पण सॅम्पल साइझचं गणित मांडायच्या आधी. मागच्या वेळी एका विद्यार्थ्याने नंतर पाठवलं आणि सगळा प्रोटोकॉल नव्याने लिहावा लागला.

तुझा,
एक जुना इंजिनिअर