वाचकांचे प्रश्न : सीडीएस द्यावी, की एनसीसीच्या वाटेने जावे?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यातला असून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे माझे विषय असून एनसीसीचेही दुसरे वर्ष सुरू आहे. मला सैन्यात अधिकारी व्हायचे आहे. सीडीएस (सैन्यदलांत अधिकारी निवडीची संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा) देऊन डेहराडूनला जावे, की एनसीसी स्पेशल एन्ट्रीने लेखी परीक्षेविना चेन्नईला जावे, हे ठरत नाही. आमची सात एकर कोरडवाहू शेती आहे. चेन्नईचे प्रशिक्षण लवकर संपते, त्यामुळे घरी पैसा लवकर येईल, असे मित्र सांगतात. काका म्हणतात, हे सगळे सोड आणि वय आहे तोवर अग्निवीरसाठी धाव. शिवाय ओटीए (अधिकारी प्रशिक्षण अकादमी) तर आपल्या कामठीलाही आहे, मग चेन्नईला कशाला जावे लागते?
– एक विद्यार्थी, जि. यवतमाळ

उत्तर : कामठीचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण हा गैरसमज आपल्या भागात फार पसरलेला आहे. कामठीच्या ओटीएमध्ये एनसीसी शिकवणाऱ्या प्राध्यापकांना आणि शिक्षकांना तयार केले जाते. मी स्वतः महाविद्यालयात एनसीसी अधिकारी होण्यापूर्वी तेथेच प्रशिक्षण घेतले. लष्करी अधिकारी घडवणारी ओटीए वेगळी, ती चेन्नईची. नावे सारखी असली तरी कामे निराळी आहेत.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही दोन वाटांपैकी एक निवडायची आहे असे धरून चालला आहात आणि तेथेच चूक होत आहे. सीडीएसची लेखी परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. एनसीसी स्पेशल एन्ट्रीसाठी सेना स्वतः अर्ज मागवते आणि तोही वर्षातून दोनदा. एकीचा अर्ज भरला म्हणून दुसरीचे दार बंद होत नाही. दोन्ही वाटा पुढे एकाच ठिकाणी येऊन मिळतात, ते म्हणजे सेवा निवड मंडळाची, अर्थात एसएसबीची, पाच दिवसांची मुलाखत. लेखी परीक्षा टळली म्हणून ती टळत नाही. तेव्हा पात्रता आहे तोवर दोन्ही अर्ज भरत राहा.

फरक आहे तो पुढच्या नोकरीत, आणि तो घरच्यांना नीट समजावून सांगा. सीडीएसमधून डेहराडूनच्या आयएमएमध्ये, म्हणजे भारतीय सैन्य अकादमीत, गेलात तर सुमारे १८ महिन्यांचे प्रशिक्षण आणि कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतची अधिकारीपदाची नेमणूक, मिळते. चेन्नईला ४९ आठवड्यांचे प्रशिक्षण आणि शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळते, म्हणजे दहा वर्षांची सेवा, ती पुढे चार वर्षे वाढू शकते. दहाव्या वर्षी कायम कमिशन मागता येते, पण ते निवडीवर अवलंबून असते. अधिकाऱ्याच्या निवृत्तिवेतनाला साधारण वीस वर्षांची सेवा लागते, त्यामुळे दहा किंवा चौदा वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला उपदान (ग्रॅच्युइटी) मिळते, निवृत्तिवेतन मिळत नाही. तेव्हा तुम्ही ऐन पस्तिशीच्या आसपास असाल आणि नवी नोकरी शोधण्याची तयारी मनाशी ठेवावी लागेल. हे शहरातल्या मुलाला तितके जड जात नसेल, पण ज्या घरात पहिलाच पगार येणार आहे त्या घराला हे आज माहीत असायला हवे.

‘पैसा लवकर येईल’ हा तुमच्या मित्रांचा मुद्दा मात्र खरा नाही. डेहराडून असो वा चेन्नई, प्रशिक्षण सुरू झाले की महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन लागू होते. म्हणजे डेहराडूनची जास्तीची मुदत ही घरासाठी बिनपगारी मुदत नव्हे. म्हणून पैशाच्या घाईने आयएमए सोडू नका. सीडीएसच्या अर्जात पसंतिक्रम लिहिताना आयएमए वर ठेवा आणि ओटीए शेवटी लिहा. बारावीला भौतिकशास्त्र व गणित असल्याने वायुसेना अकादमीचाही पर्याय तुम्हाला खुला आहे, नौदलासाठी मात्र अभियांत्रिकीची पदवी लागते.

आयएमएसाठी इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि प्राथमिक गणित असे शंभर-शंभर गुणांचे तीन पेपर असतात, ओटीएसाठी गणिताचा पेपर नसतो. हे गणित दहावीच्या पातळीचे असल्याने बी.एस्सी.च्या मुलाला ती जमेची बाजू आहे. आपल्याकडची मुले अडतात ती इंग्रजीत, आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात असल्याने अंदाजाने खुणा करून भागत नाही. परीक्षा केंद्र नागपूरला मिळते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते : सीडीएसमधील आयएमएच्या शंभर जागांपैकी १३ जागा एनसीसीच्या सेना शाखेतील ‘सी’ प्रमाणपत्रधारकांसाठी राखीव असतात. म्हणजे एनसीसीच्या तिसऱ्या वर्षी परीक्षा देऊन मिळणारे ‘सी’ प्रमाणपत्र तुम्हाला दोन्हीकडे कामाला येते.

म्हणूनच पुढचे वर्ष मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. स्पेशल एन्ट्रीला ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत आणि पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात. मात्र अर्ज जास्त आले की सेना गुणांची मर्यादा वर नेऊ शकते, त्यामुळे काठावरच्या ५० टक्क्यांवर विसंबू नका. प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायचे तर परेडची ७५ टक्के हजेरी हवी. माझ्या युनिटमध्ये एक कॅडेट होता, ड्रिलमध्ये सर्वांत नेटका. दिवाळीनंतर कापसाच्या वेचणीला मजूर मिळेना, म्हणून तो महिना-दीड महिना शेतातच राहिला. हजेरी काही दिवसांनी कमी पडली आणि त्याला ‘सी’च्या परीक्षेला बसता आले नाही. हजेरीपट घेऊन तो माझ्यापुढे उभा राहिला, तेव्हा त्याच्या बोटांवर बोंडांचे ओरखडे होते आणि मला काहीही करता येत नव्हते. वेचणीचे दिवस दरवर्षी तेच असतात, तेव्हा तुमच्या बाबांशी आताच बसून बोला आणि परेडचे दिवस राखून ठेवा.

एसएसबीची भीती बाळगू नका, पण तिला कमीही लेखू नका. पहिल्याच दिवशी चाळणी होते. एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि मग दहा-पंधरा जणांच्या गटात तिच्यावर चर्चा करायची. आमचा एक विद्यार्थी पहिल्या खेपेला येथूनच परतला, कारण बाकीचे फाडफाड इंग्रजी बोलत असताना तो तोंड उघडेना. दुसऱ्या खेपेला चित्रात विहिरीसारखे काही दिसले, तेव्हा त्याने जे रोज पाहिले होते तेच लिहिले : ऐन ओलिताच्या वेळी जळालेला मोटारपंप, रात्रीच्या पाळीची वीज, आणि चार शेजाऱ्यांनी वर्गणी काढून पहाटेपर्यंत दुरुस्त करून घेतलेला पंप. चर्चेत त्याने तीच गोष्ट साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत सांगितली आणि तो पुढे गेला. तेथे आणलेला आव ओळखू येतो. तुम्ही गावात खरोखर केलेली कामे, ती कशी केली आणि अडचण आली तेव्हा काय केले, हे रोज अर्धा तास मोठ्याने इंग्रजीत सांगण्याचा सराव करा. मोडके बोललात तरी चालेल, गप्प राहणे चालत नाही.

या तयारीसाठी खासगी क्लासला कर्ज काढून पैसे भरू नका. नाशिक रोड येथे महाराष्ट्र शासनाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र असून तेथे एसएसबीची तयारी निवास व भोजनासह विनाशुल्क करून घेतली जाते. सीडीएसची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना, तसेच ‘सी’ प्रमाणपत्र ‘ए’ किंवा ‘बी’ श्रेणीत मिळवून एनसीसीच्या ग्रुप मुख्यालयाची शिफारस आणणाऱ्यांना तेथे घेतात. यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन चौकशी करा. डोळे, दात, कान आणि सपाट तळपाय यांची तपासणीही आताच करून घ्या, कारण निवड झाल्यावर वैद्यकीय मंडळापुढे अडलेली मुले मी पाहिली आहेत.

राहिला काकांचा सल्ला. अग्निवीरची नोकरी मानाची आहे, पण ती चार वर्षांची आहे आणि पुढे जास्तीत जास्त २५ टक्के जवानांनाच कायम केले जाते. पदवी अर्धवट सोडून तिकडे गेलात तर ‘सी’ प्रमाणपत्रही गेले आणि सीडीएसही लांबली. तुमच्या हातात एक वर्षाचे काम उरले असताना ते सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काकांना भेटायची वेळ आली तर हे पान त्यांना वाचून दाखवा.

प्रश्न : मी गोंदिया जिल्ह्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या महाविद्यालयात मुलींसाठी एनसीसी नाही. मला यातले काही करता येईल का?
– एक विद्यार्थिनी, जि. गोंदिया

उत्तर : करता येईल. सीडीएसमधून मुलींना चेन्नईच्या ओटीएसाठी अर्ज करता येतो, त्याला एनसीसी लागत नाही आणि कोणतीही पदवी चालते. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनींनाही अर्ज भरता येतो. गणिताचा पेपर नसल्याने तुम्हाला इंग्रजी आणि सामान्य ज्ञान या दोनच पेपरांची तयारी करायची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर शॉर्ट सर्व्हिसमधील महिला अधिकाऱ्यांनाही कायम कमिशनचा मार्ग खुला झाला आहे. पदवीचा निकाल मुदतीत हाती येणे आवश्यक असते, म्हणून एखादा विषय मागे राहिला असेल तर तो याच सत्रात काढून टाका आणि दहावीचे प्रमाणपत्र, आधार व गुणपत्रिका यांवरील नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, ते आज रात्रीच तपासून पाहा.