पायथनची पॅकेजेस कुठल्या फोल्डरमध्ये आहेत ते सांगणारं फंक्शन कसं लिहावं?

तुम्ही लिहिलंय की तुमचं एकच फंक्शन कधी एक पाथ (फोल्डरचा पत्ता) देतं, कधी लिस्ट, कधी नन (पायथनचं 'काहीच नाही'), आणि आता ते वापरणारा प्रत्येक जण वैतागलाय. कारण त्यात दोन प्रश्न कोंबलेत भाऊ. नवीन पॅकेज कुठे टाकायचं हा एक, आणि आधीचं पॅकेज कुठे आहे हा दुसरा. आमच्याकडे मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना आईला विचारलं की सोलां (आमसुलं) कुठे ठेवू, तर ती एकच बरणी दाखवते, पण ऑगस्टमध्ये सोलां कुठे आहेत विचारलं की तिलाच तीन बरण्या उघडाव्या लागतात.

पहिल्यासाठी पायथनसोबतच येणाऱ्या सिसकॉन्फिग मॉड्यूलचं गेट_पाथ वापरा, ते पायथन ३.२ पासून आहे. डिस्टयुटिल्सचं जुनं फंक्शन कुठे शिल्लक असेल तर काढून टाका, ३.१२ मध्ये तो मॉड्यूलच गेलाय. फक्त प्युअरलिब (शुद्ध पायथन पॅकेजेसचं फोल्डर) हवं की प्लॅटलिब (कंपाइल केलेल्यांचं) हे फंक्शनला स्पष्ट विचारू द्या, मुकाट्याने प्युअरलिब धरू नका. मी धरलं होतं! फोंड्याला एका कॉलेजच्या लॅबमधल्या फेडोरा लिनक्सच्या मशीन्ससाठी स्क्रिप्ट लिहिली, घरी लॅपटॉपवर मस्त चालली, लॅबमध्ये मात्र नमपाय हे पॅकेज इन्स्टॉल असूनही दर वेळी 'नाही' म्हणायची. फेडोरात सी-मध्ये कंपाइल केलेली पॅकेजेस यूएसआर खालच्या लिब६४ मध्ये जातात, शुद्ध पायथनची लिबमध्ये, आणि मी फक्त लिब बघत होतो. घरी का चाललं ते कळायला अख्खी दुपार गेली, घरी मी व्हेन्व्हमध्ये (पायथनच्या वेगळ्या, स्वतंत्र वातावरणात) होतो आणि तिथे लिब६४ म्हणजे लिबलाच जोडलेली सिमलिंक, म्हणजे नुसता शॉर्टकट, असते, त्यामुळे चूक दिसलीच नाही.

दुसऱ्या प्रश्नाला फोल्डर धुंडाळूच नका, इम्पोर्ट सिस्टीमलाच विचारा, म्हणजे इम्पोर्टलिब.युटिलचं फाइंड_स्पेक. एडिटेबल इन्स्टॉल (कोड कॉपी न करता जागच्या जागी जोडलेलं) असेल तर कोड तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच असतो, तिथे फोल्डरवरून अंदाज बांधणारं फंक्शन हमखास फसतं. आणि पॅकेजचं नाव वेगळं, इम्पोर्टचं वेगळं, पिलो इन्स्टॉल करतो आणि पीआयएल इम्पोर्ट करतो, तेव्हा पॅरामीटरचं नावच असं ठेवा की कुठलं नाव द्यायचं ते वाचून कळेल. पॅकेजचं नाव हातात असेल तर इम्पोर्टलिब मेटाडेटा, ३.८ पासून आहे. सापडलं नाही तर नन नको, सरळ एरर फेका, नाहीतर तो नन पुढे कुठेतरी पाथ जोडताना फुटतो आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसता.

अजून एक, सिस.प्रीफिक्स (पायथन जिथे इन्स्टॉल आहे ते मूळ फोल्डर) फंक्शनच्या पोटात वाचू नका, बाहेरून द्या. गेट_पाथला व्हार्स या पॅरामीटरमधून बेस आणि प्लॅटबेस ही मूळ फोल्डरं देता येतात, मग टेस्ट लिहिताना टेम्पररी फोल्डर दिला की झालं. दुसऱ्याच पायथनचा पाथ हवा असेल तर आपल्या पायथनमध्ये बसून हिशोब करू नका, त्या पायथनलाच सबप्रोसेसने चालवून त्याच्या सिसकॉन्फिगला विचारा आणि जेसनमध्ये उत्तर घ्या.

आणि कोडमध्ये 'साइट-पॅकेजेस' असं हाताने टाइप केलेलं कुठे असेल तर आज पहिलं ते उडवा, उबंटूत एपीटीने (तिथल्या पॅकेज मॅनेजरने) टाकलेलं सगळं डिस्ट-पॅकेजेसमध्ये असतं.