जळगावच्या फ्लॅटमध्ये गॅस गिझर बाथरूममध्येच बसवला तर चालेल का?

नाही भाऊ, आत बसवू नका. गॅलरीत किंवा बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर लावा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या. पाइपाचा खर्च थोडा वाढेल, तो करा.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा कधी कधी १० अंशांच्या खाली उतरतो. मग खिडकी बंद, दाराला कडी आणि आत गिझर चालू. बंद जागेत प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. सिलेंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, म्हणून गळती कळते. कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना रंग, ना वास. डोकं जड होतं, चक्कर येते आणि कडी काढायचीही ताकद उरत नाही. धुळ्याच्या माझ्या मावसबहिणीला असंच दार तोडून बाहेर काढलं होतं, म्हणून तळमळीने सांगतोय.

आधीच आत बसवला असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, जरा वेळाने आंघोळीला जा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर वापर थांबवून मेकॅनिक बोलवा.

बोअरचं पाणी जड असेल तर आतल्या नळीत क्षार साचतात, हिवाळ्याआधी साफ करून घ्या. अगदी वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब कमी असतो, तिथे गिझर कधी कधी पेटतच नाही. तेव्हा घेण्याआधी दाब बघा.

गॅसचा वास आलाच तर रेग्युलेटर बंद करा, विजेच्या बटणांना हात लावू नका, आणि बाहेर येऊन १९०६ या गॅस गळतीच्या हेल्पलाइनवर फोन करा.