कुलूप शाबूत, कोयंडा गायब

यावेळी आलेल्या पत्रांत निम्मी एकाच विषयाची आहेत, गणपतीला गावी चाललोय, घर बंद राहणार, काय काय करू. मी काही पोलीस नाही, पण बरीच वर्षं हार्डवेअरच्या काउंटरवर कुलपं-कड्या विकल्यात, तेवढ्या जोरावर सांगतो.

आम्ही चौघंही गौरी-गणपतीला सहा दिवस देवगडला जातो. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. मिस्टरांनी यंदा बाराशे रुपयांचं कुलूप आणलंय. तेवढं पुरे ना? (एक वाचक, डोंबिवली)

कुलूप चांगलंच असणार ताई, पण मिस्टरांना विचारा कोयंडा कितीचा आहे. दुकानात रोज बघायचो, माणूस कुलूप हातात घेऊन वजन बघणार, किल्ली दहा वेळा फिरवणार, घासाघीस करणार, आणि कडी-कोयंडा म्हटलं की "द्या हो कुठलाही". चोराला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. पेपरातली घरफोडीची बातमी आठवा, "कडी-कोयंडा उचकटून आत प्रवेश केला" हे वाक्य ठरलेलं. एका गिऱ्हाइकाने सगळा ऐवजच दुकानात आणून दाखवला होता, कुलूप नवंकोरं, बंदच्या बंद, किल्ली लावली तर मस्त उघडलं, आणि त्यात अडकलेला वाकडा कोयंडा, त्याचे चार स्क्रू पाऊण इंचाचे, आट्यांमध्ये दरवाजाचा भुसा भरलेला. बरेच सुतार स्क्रू पिळत नाहीत हो, हातोडीने अर्धा ठोकतात आणि शेवटचे दोन फेरे पिळतात, मग लाकूड धरणार कसं? कटावणी घातली की दोन मिनिटांचं काम.

तेव्हा सुताराला बोलवा आणि कोयंड्याला आरपार नटबोल्ट मारून घ्या, आतून मोठा वायसर आणि नट. बाहेरून बोल्टचं डोकं गोल गुळगुळीत हवं, पान्याला पकडता येईल असं नको. सेफ्टी डोअर असेल तर बिजागऱ्या बघा, पिना बाहेरच्या बाजूला असतील तर त्या ठोकून काढता येतात आणि मग कुलूप कितीही भारी असलं तरी दार दुसऱ्या बाजूने उघडतं.

अजून एक, बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे "आम्ही घरी नाही" अशी पाटीच. आतून बसणारं लॅच असेल तर तेच लावा पण नुसतं दार ओढून घेऊन लिफ्टकडे पळू नका, ओढून लागलेली तिरकी जीभ कधीकधी साध्या प्लास्टिकच्या कार्डानेसुद्धा मागे सरकते. किल्लीने फेरे पूर्ण द्या म्हणजे चौकोनी दांडा चौकटीत जातो. पेपर आणि दूध बंद करायला सांगा, आणि दारात अडकवलेली क्लासची नि पिझ्झाची पत्रकं समोरच्यांना रोज काढायला सांगा, दूध बंद करायचं सगळ्यांच्या लक्षात राहतं, पत्रकांचं राहत नाही. बाथरूमच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या पण बघून घ्या. तिसरा मजला म्हणून निर्धास्त राहू नका, डक्टमधले पाइप तळापासून गच्चीपर्यंत जातात.

मुलाने वायफायवाला कॅमेरा लावून दिलाय. पण घरातून निघताना मेन स्विच बंद करायची माझी चाळीस वर्षांची सवय आहे. चालेल ना? (एक ज्येष्ठ वाचक, ठाणे)

काका, मग कॅमेरा पण तुमच्यासोबत सुट्टीवर जाणार! मेन बंद म्हणजे वायफायचा डबा बंद, डबा बंद म्हणजे मुलाच्या मोबाइलवर काही दिसणार नाही. मेन चालू ठेवा, आतले गिझर, एसी, किचनचे एमसीबी (मेनच्या डब्यातले छोटे खटके) वेगवेगळे असतात ते खाली करा, गॅसचा रेग्युलेटर बंद करा, फक्त वायफाय आणि कॅमेऱ्याची लाइन चालू राहू द्या. आणि खरं सांगू का, कॅमेरा चोराला थांबवत नाही, चोर आल्याचं फक्त तुम्हाला कळवतो, आणि तुम्ही असणार चिपळूणच्या पुढे कुठेतरी रेंज शोधत. म्हणून त्याचं नोटिफिकेशन बिल्डिंगमधल्या एकाच्या तरी फोनवर जाईल असं करून घ्या, जो दोन मिनिटांत दारात पोचेल.

दागिने लॉकरमध्येच असतात, पण गौरीला घालायला काढावेच लागतात. मग सुरक्षित कसे ठेवायचे? (एक वाचक, लालबाग)

ही खरी अडचण, आणि यात सगळ्यात धोक्याचे दिवस गावचे नसतात, येण्या-जाण्याच्या अलीकडचे पलीकडचे असतात. शुक्रवारी लॉकरमधून काढले, निघायचं रविवारी रात्री. परत आलो शनिवारी पहाटे, तो दुसरा-चौथा असला तर बँक थेट सोमवारी, आणि सोमवारी ऑफिस, मग "बघू पुढच्या आठवड्यात". तोपर्यंत पाटल्या-तोडे कपाटात साड्यांखाली, जिथे चोर पहिला हात घालतो (दुसरा तांदळाच्या डब्यात). परतीचं तिकीट काढतानाच बँकेचा दिवस धरून काढा, एवढंच. नाहीतर गौरीला एखादा खरा दागिना आणि बाकी एक ग्रॅमवाले, देवी रागावत नाही, सासूबाईंचं मी सांगू शकत नाही.

लॉकरचंही एक लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२२ पासून असा आहे की बँकेत आग, चोरी, दरोडा झाला, इमारत कोसळली किंवा बँकेच्याच माणसाने फसवणूक केली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वर्षाच्या भाड्याच्या १०० पट. म्हणजे भाडं ३,००० असेल तर ३ लाख, आत तीस लाखांचं का असेना. घरातल्यापेक्षा लॉकर बराच म्हणायचा, पण मोठा ऐवज असेल तर दागिन्यांचा वेगळा विमा बघा.

मागच्या वर्षी आम्ही कणकवलीला असताना शेजाऱ्यांचा फोन आला की दार उघडं दिसतंय. आम्ही त्यांना आत जाऊन बघायला सांगितलं. ते बरोबर होतं का? (एक वाचक, कल्याण)

नाही हो. एक तर चोर अजून आत असू शकतो, दुसरं म्हणजे शेजारचे चार जण कपाटाची दारं उघडून "अरेरे" करत फिरले की ठसे गेले. शेजाऱ्यांनी ११२ लावायचा आणि जिन्यातच थांबायचं. तुम्हीसुद्धा रात्रीची गाडी पकडून जीव मुठीत धरून यायची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहिता आहे, तिच्या १७३ कलमाप्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, म्हणजे कल्याणच्या चोरीची खबर कणकवलीत चालते. ऑनलाइन दिली तर ३ दिवसांत सही करावी लागते, ते मात्र विसरू नका.

जादा किल्ली कुठे ठेवावी? आम्ही चपलांच्या स्टँडमध्ये जुन्या बुटात ठेवतो. (एक वाचक, पनवेल)

ठेवत होतात. आता सगळ्या वाचकांना कळलं. आणि विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा, बऱ्याच पॉलिसींमध्ये घरफोडीचे पैसे मिळायला दार-खिडकी फोडल्याची खूण लागते, बुटातल्या किल्लीने कोणी आरामात उघडून गेला तर दाखवणार काय? समोरच्या वहिनींकडे द्या, येताना त्यांना आंबोळीचं पीठ नाहीतर खाजं आणा.