कार्याची गणितं: आधी बाण काढ

कार्याचं सूत्र (बल × बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन, म्हणजे जागेतला बदल) पाठ असलं तरी गणिताला हात घालण्याआधी बल आणि विस्थापन यांच्या दिशा बाणांनी काढ. बऱ्याच चुका तिथेच टळतात. 10 किलोची भरलेली कळशी विहिरीतून 10 मीटर वर ओढली, की गुरुत्वाविरुद्ध 980 ज्यूल कार्य झालं. तीच डोक्यावर घेऊन सपाट रस्त्याने नेली, तर गुरुत्वबलाचं कार्य शून्य, कारण बल खाली आणि विस्थापन आडवं. दमायला होतं, हे खरंच. पण ती ऊर्जा स्नायूंत खर्च होते, कळशीला मिळत नाही.

शक्तीत (कार्य भागिले वेळ) वेळ येतो, एवढंच: 20 सेकंदांत ओढली तर 49 वॅट, 10 सेकंदांत 98. आणि किलोवॅट-तास हे ऊर्जेचं एकक, शक्तीचं नव्हे. वीजबिलातलं एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजेच 36 लाख ज्यूल.